बोंबलाबरोबर कोणती वाईन?

प्रश्न : आमच्याकडे रविवारी मासे नाहीतर मटण ठरलेलं असतं. मुलगा नाशिकहून दोन बाटल्या घेऊन आला, एक पांढरी वाईन आणि एक लाल. माशाबरोबर पांढरी आणि मटणाबरोबर लाल हा नियम ऐकून होतो, तसंच केलं. तळलेल्या बोंबलाबरोबर पांढरी झकास लागली. पण बांगड्याच्या तिखल्याबरोबर तीच वाईन पाणचट लागली आणि मटणाच्या रश्श्याबरोबर लाल वाईनने तोंडात नुसती आग लावली. नियम चुकीचा की आमची जीभ?
— एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : तुमची जीभ बरोबर आहे. नियमही खोटा नाही, फक्त तो तुमच्या ताटासाठी केलेला नाही. फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यावर मासा म्हणजे बहुतेक वेळा मीठ लावून भाजलेला किंवा लोण्यात परतलेला तुकडा आणि वर पिळलेलं लिंबू. त्या ताटात मसाला जवळजवळ नसतो, त्यामुळे चव असते ती माशाची. आंबटसर पांढरी वाईन तिथे लिंबाचंच काम करते.

आपल्याकडे पापलेट एकच असतं, पण सीकेपी घरात ते हिरवी चटणी भरून तळतात, आगरी घरात ते लाल मसाल्याच्या कालवणात पडतं आणि मालवणी घरात ओल्या नारळाच्या आमटीत. मासा तोच, पण तिन्ही ताटांना वाईन वेगवेगळी लागते. म्हणून बाटली निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो वाटणाचा. मासा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

वाटणात चार गोष्टी बघायच्या. पहिली आंबट. कोकम, चिंच, कैरी किंवा लिंबू तोंडात गेलं, की जिभेला त्यानंतरची आंबट चव कमी जाणवते. पदार्थ वाईनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाईनमधला तजेला नाहीसा होतो आणि ती पाणचट लागते. तुमच्या तिखल्याबरोबर नेमकं हेच झालं. वाईन पदार्थाच्या तोडीस तोड आंबट हवी, हा इथला पाया आहे.

दुसरी गोष्ट तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहकाला चेतवतं, तोच ग्राहक उष्णता ओळखतो. एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलच्या संपर्कात आला की हा उंबरठा सुमारे ३४ अंशांवर उतरतो, असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. शरीराचं स्वतःचं तापमानच ३७ अंश असतं. त्यामुळे तिखट रश्श्यावर कडक वाईन घेतली की तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा जळजळ म्हणून जाणवते. तुमच्या मटणाच्या वेळी लागलेली आग ती हीच. त्यावर उपाय म्हणजे कमी अल्कोहोलची, थंड आणि किंचित गोडसर वाईन. गोडी तिखटाची धार कमी करते.

तिसरी जोडी तेल आणि मीठ यांची. तळलेला मासा, सुका बोंबील, खारवलेला बांगडा असं काही असलं की आंबट आणि बुडबुड्यांची वाईन हवी. आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचा तेलाचा थर धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मीठही वाईनच्या बाजूने काम करतं, खारट घासानंतर वाईनचा कडवटपणा कमी वाटतो.

चौथी गोष्ट नारळ. ओल्या खोबऱ्याची आमटी किंवा नारळाच्या दुधातली कोलंबी तोंडात मऊ, जड आणि गोडसर लागते. अगदी हलकी वाईन तिच्यापुढे टिकत नाही. थोडं अंग असलेली, पिकल्या फळाच्या वासाची पांढरी वाईन तिथे बसते.

आता तुमच्या ताटाकडे येऊ. बोंबील पाणीदार मासा. चिरून, पाट्याखाली दाबून त्याचं पाणी काढलं आणि रव्यात घोळवून तळला, की बाहेर कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ होतो. त्याला सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन किंवा बुडबुड्यांची म्हणजे स्पार्कलिंग वाईन, दोन्ही चालतात. तिखल्यात आंबट आहे, तिखट आहे आणि तिरफळाची झिणझिणी आहे. त्याला किंचित गोड शेनिन ब्लां द्या, चांगली गार करून. मटणाच्या रश्श्याचं पुढे सविस्तर येतंच आहे.

इतर घरांसाठी ही ढोबळ यादी :

हिरव्या वाटणाचं भरलेलं पापलेट किंवा हिरवी कोलंबी : सोव्हिन्यों ब्लां. या द्राक्षात जे वासद्रव्य असतं तेच ढोबळ्या मिरचीतही असतं, म्हणून कोथिंबीर-मिरचीच्या वाटणाशी ते सहज मिसळतं.

नारळाच्या रसातली सुरमई, हलवा किंवा तिसऱ्या : शेनिन ब्लां किंवा व्हियोनिये.

लाल मसाल्यातलं आगरी-कोळी कालवण, खाडीच्या निवट्या, चिंबोरीचा रस्सा : किंचित गोड शेनिन ब्लां किंवा गार रोझे, म्हणजे गुलाबी वाईन.

जवळा, करंदी, सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी : कोरडी स्पार्कलिंग.

कोलंबीची खिचडी : रोझे. भात, मसाला आणि कोलंबीची गोडी या तिघांना ती सांभाळून घेते.

प्रश्न : लाल वाईन माशाबरोबर घेतली की तोंडात लोखंडासारखी, उग्र चव येते. मासा ताजा असतानाही असं का होतं?
— एक वाचक, कल्याण (पूर्व)

उत्तर : तुम्हाला लोखंडासारखी चव आली, आणि कारणही लोखंडच आहे. पूर्वी सगळा दोष टॅनिनला दिला जायचा. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणारं तुरट द्रव्य. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळून येते तसा तुरटपणा लाल वाईनला टॅनिनमुळे येतो. पण जपानमधल्या मर्सियन या वाईन कंपनीच्या संशोधकांनी २००९ साली वेगळीच गोष्ट दाखवली. त्यांनी कित्येक लाल आणि पांढऱ्या वाईन शिंपल्यातल्या मांसाबरोबर चाखून पाहिल्या. ज्या वाईनमध्ये विरघळलेलं लोह जास्त, तिच्याबरोबर माशाचा उग्र वास जास्त. साधारण लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की फरक ठळक होत होता. लोह बांधून ठेवणारं द्रव्य वाईनमध्ये घातलं की तो वास ओसरत होता.

मासळीतली चरबी बहुअसंतृप्त असते आणि लोहाच्या सान्निध्यात ती झटकन तुटते. तिच्यापासून उग्र वासाची द्रव्यं तयार होतात, तीही तोंडातल्या तोंडात. म्हणून मासा ताजा असला तरी हा अनुभव येतो. बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट मासळीत तो जास्त येतो, कारण चरबीच जास्त. लोहाचं प्रमाण लाल वाईनमध्ये साधारणपणे जास्त असतं, पण ते जमिनीवर, यंत्रसामग्रीवर आणि वाईन बनवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असतं. त्यामुळे एखादी लाल वाईन माशाबरोबर बिनघोर जाते आणि एखादी पांढरी बिनसते, असंही घडतं.

मासळीला हळद-मीठ-लिंबू लावून ठेवायची आपली रीत इथे उपयोगी पडते. माशाचा नेहमीचा वास ज्या अमाइन द्रव्याचा असतो, ते आम्लाशी संयोग पावून क्षार बनतं आणि मग हवेत उडत नाही. कोकमाचं कामही तेच. लाल वाईनच प्यायची असेल तर मासा आंबटात मुरवून घ्या, तेलकट मासळी टाळा आणि कमी तुरट लाल वाईन गार करून घ्या.

प्रश्न : आमच्या इमारतीत सिंधी शेजारी आहेत. त्यांच्याकडचं सेयल मटण आणि आमच्याकडचं काळ्या वाटणाचं मटण, दोन्हींबरोबर एकच लाल वाईन चालेल का?
— एक वाचक, उल्हासनगर ४

उत्तर : चालेल, आणि ती शिराझ असावी. नाशिक आणि सोलापूर या दोन्ही पट्ट्यांत हे द्राक्ष चांगलं येतं. शिराझमध्ये मिरीसारखा वास येतो असं लोक म्हणतात. ते नुसतं वर्णन नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली रोटंडोन नावाचं द्रव्य ओळखलं आणि काळी मिरी व शिराझ या दोहोंतला तो वास या एकाच द्रव्याचा असल्याचं दाखवलं. साधारण पाचांतल्या एका माणसाला हा वास येतच नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर एकाला मिरी जाणवली आणि दुसऱ्याला नाही, तर वाद घालू नका. दोघेही खरं बोलत असतात.

सेयल मटण कांद्यात आणि स्वतःच्याच रसात मुरत शिजतं. कांद्याची गोडी, दाट रस, तिखट बेताचं. शिराझ त्याच्याशी सरळ जुळते. आपल्या काळ्या वाटणात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, मिरी, लवंग, दगडफूल असतं. भाजल्याचा वास आणि मिरीचा वास शिराझला आवडतो. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला आपल्याकडे ओढून घेतात, त्यामुळे तुरटपणाही मऊ होतो. अडचण फक्त तिखटाची. रस्सा झणझणीत असेल तर लाल वाईन बाजूला ठेवा आणि सुक्या मटणाबरोबर घ्या. रश्श्याबरोबर रोझे किंवा गोडसर शेनिनच बरी. विठ्ठलवाडीच्या वाचकांनाही हेच सांगणं आहे. पाया, खिमा, वजडी असे चिकट किंवा चरबीदार पदार्थ कॅबरने सोव्हिन्यों पेलतात, कारण तिच्यात टॅनिन भरपूर असतं.

प्रश्न : चव घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं? आणि वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची तर मे महिन्यात काय करायचं?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात निम्म्या बाटल्यांची चव तिथेच बिघडते. ‘रूम टेंपरेचर’ ही युरोपातल्या जुन्या दगडी घरांतली गोष्ट आहे, म्हणजे १६ ते १८ अंश. मे महिन्यात डोंबिवलीतल्या खोलीत पारा तिशीच्या वर असतो. तेवढ्या उष्णतेत लाल वाईनमधून अल्कोहोलचाच वास वर येतो आणि फळाचा वास दबतो. लाल वाईन वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी ८ ते १० अंशांवर आणि स्पार्कलिंग त्याहून थोडी गार हवी, म्हणून त्या फ्रिजमधून थेट टेबलावर आणल्या तरी चालतात. बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर कधीही ठेवू नका. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते.

आता चवीचं. ग्लास एक तृतीयांशच भरा, देठाला धरा आणि पांढऱ्या कागदासमोर रंग पाहा. मग ग्लास हलकेच फिरवा म्हणजे वास मोकळा होतो. नाक आत घालून वास घ्या आणि जो वास मनात येईल त्याला आपल्या ओळखीचं नाव द्या : पेरू, कैरी, चिकू, ओली माती, लवंग. परदेशी पुस्तकातल्या फळांची नावं पाठ करायची गरज नाही. मग लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवा. आंबट गालांच्या कडांना जाणवतं, तुरट हिरड्यांवर, अल्कोहोल घशात. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. वाईन चाखणारे व्यावसायिक थुंकतातच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकापेक्षा जास्त वाईन असतील तर हलकीकडून जडकडे, पांढरीकडून लालकडे आणि कोरडीकडून गोडकडे जायचं.

जेवणाशी जुळणी तपासायची सोपी रीत अशी. आधी वाईनचा घोट, मग घास, मग पुन्हा वाईनचा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा चांगला लागला तर जोडी जमली. कडू, पाणचट किंवा जळजळीत लागला तर बिनसली. एका ताटलीत तळलेल्या मासळीचे तुकडे घ्या : एक नुसता, एक लिंबू पिळलेला, एक तिखट चटणीचा. तिन्हींबरोबर एकच वाईन चाखा. लिंबू आणि मिरची वाईनचं काय करतात ते पाच मिनिटांत कळतं.

प्रश्न : हे सगळं परदेशी नाही का? आपला वाईनशी संबंध काय?
— एक वाचक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : कल्याणच्या माणसाने हे विचारावं याचा मला फार आनंद झाला. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात सोपाऱ्याबरोबर कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने वाईन लिहिली आहे आणि इटलीची वाईन जास्त पसंत केली जाते असंही नोंदवलं आहे. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे पैठण असा सातवाहनांचा व्यापारी रस्ता होता. घारापुरी आणि नेवासे इथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या, दोन कानांच्या उभट रांजणांचे तुकडे सापडले आहेत. अशा रांजणांतून वाईन आणि तेल यायचं.

आज उलट दिशेने, घाटावरून खाली वाईन येते. कल्याण स्टेशनात रेल्वेच्या दोन वाटा फुटतात. विठ्ठलवाडी त्यातल्या कर्जतच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन. दुसरी वाट कसाऱ्यावरून नाशिकला जाते, कल्याणपासून जेमतेम १३५ किलोमीटर. मुरबाडवरून माळशेज घाट चढलात तर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं. तिथे १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने स्पार्कलिंग वाईन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ साली सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लांच्या वेली लावल्या आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर व पलूस इथे वाईन पार्क उभे राहिले. अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनी दिल्ली आणि इटलीतल्या भावांच्या जोड्यांबरोबर ‘फ्रतेली’ सुरू केली. त्या इटालियन शब्दाचा अर्थच भाऊ. दिंडोरीजवळ फ्रान्सच्या ‘शांदों’चा प्रकल्प आहे.

हे काम आपल्या शेतकऱ्यांच्या हातचं आहे. युरोपात थंडीने वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि पीक एकच मिळतं. वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. रंग आणि वास मुख्यतः सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बियांत, म्हणून ते तसंच हवं. जानेवारी ते मार्च हा खुडणीचा हंगाम. तेव्हा नाशिकला गेलात तर द्राक्ष, रस आणि वाईन हा सगळा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो. अनेक वायनरींत चाखण्याची सोय आहे आणि माहिती देणारी माणसं मराठीत बोलतात. लाजू नका, प्रश्न विचारा.

प्रश्न : वाईन तब्येतीला चांगली असते, असं म्हणतात. खरं का?
— एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : नाही. औषध म्हणून वाईन पिऊ नका. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात, वाईन १३ टक्क्यांची असेल तर, सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच ग्लास होतात. म्हणून पाच जणांत एक बाटली आणि तीही जेवणाबरोबर, हे प्रमाण मी सुचवतो. गरोदरपणात, यकृताच्या आजारात किंवा झोपेची आणि मधुमेहाची औषधं चालू असताना घेऊ नका. घरात कुणाला व्यसनाचा त्रास झाला असेल तर बाटली घरात न आणणं हेच शहाणपण. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवाना लागतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. नाशिकहून परतताना रेल्वेने या.

जे घेत नाहीत त्यांनीही हा सगळा खेळ खेळून बघावा. सोलकढी, पन्हं किंवा साखर न घातलेला द्राक्षाचा रस घेऊन आंबट, तिखट, तेल आणि नारळ यांची जुळणी तशीच तपासता येते. तुमच्या घरच्या कोणत्या पदार्थाबरोबर काय जमलं आणि काय बिनसलं ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. पत्रात वाटणाची कृती नक्की लिहा, म्हणजे आगरी, सीकेपी, मालवणी आणि सिंधी घरांची एक यादी आपल्याला मिळून करता येईल.